रोह्यापर्यंतची टेस्ट

मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा आमची गाडी आळीत शिरली, दारात ओवाळायला थांबलेल्या बायका पुढे सरसावल्या, आणि तेवढ्यात एक उंच, काटकुळा माणूस रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. हात वर करून त्यानं गाडी थांबवली. मला वाटलं, नवऱ्याचा कुणी मामा-काका असेल, नव्या सुनेचं तोंड बघायची घाई झाली असेल. त्या माणसानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मागं घे. नाक्यापर्यंत जा नि परत ये. हळू."

ड्रायव्हरनं निमूटपणे गाडी मागं घेतली. आम्ही नाक्यापर्यंत गेलो, परत आलो. तोवर सासूबाईंच्या ताटातलं निरांजन विझलं होतं. "मागचं उजवं," तो माणूस म्हणाला, "बेअरिंग. आठवडाभर काढील कसंतरी." आणि आपल्या घरात निघून गेला. माझ्या स्वागताला आलेल्या बायका पुढची पाच मिनिटं त्या चाकाकडेच बघत होत्या.

हे दामूअण्णा. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. अण्णांची नोकरी रोह्याजवळ धाटावला, एका केमिकल कंपनीत, मेंटेनन्सला. कंपनीत पंप, मोटारी, कॉम्प्रेसर असं जे जे फिरायचं त्याचं बेअरिंग कधी जाणार हे आधी ओळखायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. पुढे कंपनीनं त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. स्क्रू ड्रायव्हर तेवढा ते बरोबर घेऊन आले. मोटारी धाटावला राहिल्या आणि अण्णांच्या वाट्याला फक्त आळीतली वाहनं आली. त्यांनी त्यावर भागवलं.

सकाळी ते ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायच्या ऐवजी चाकाचं नाव सांगत. "पुढचं डावं." "मागची दोन्ही." आळीतल्या डॉक्टरांना ते 'स्कूटरचं मागलं' म्हणूनच ओळखायचे. एकदा पलीकडच्या घरात मुलगी बघायला माणसं आली होती, त्यांची गाडी अण्णांनी पोहे खाऊन होईपर्यंत जॅकवर चढवून ठेवली. चाक खोललेलं, पाहुण्यांना जाता येईना. यजमानांनी आणखी एकदा पोहे केले, मग चहा, मग जेवणच वाढलं. तेवढ्या वेळात मुलगा आणि मुलगी दोघं मागच्या अंगणात भरपूर बोलली आणि लग्न ठरलं. लोक आजही त्याचं श्रेय अण्णांना देतात. अण्णा म्हणतात, "मुलीचं मला ठाव नाय. बेअरिंग चांगलं बसलं."

अण्णांच्या मते जगात आवाज दोनच. एक टायरचा, एक बेअरिंगचा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर वेगळा, खडीवर वेगळा, त्याला घाबरायचं नाही. बेअरिंग एकच सूर धरतं, वेग वाढला की चढत जातं, आणि आतून संपत आलेलं असतं. माणसंही त्यांनी अशीच वाटून टाकली होती. सासूबाई मला पहिल्या वर्षी फार बोलायच्या. मी एकदा मागच्या दारी डोळे पुसत उभी होते तर भिंतीपलीकडून अण्णा म्हणाले, "सासू तुझी टायर हाय, बाय. वाजेल. काय होत नाय." कुणी इतक्या थोडक्यात धीर दिल्याचं मला आठवत नाही. आणि ते खरंही निघालं.

ते चुकत नसत असं नाही. एकदा त्यांनी आमच्या गाडीची दोन चाकं खोलली, दोन्हीत नवं बेअरिंग टाकलं, तरी घुं घुं जाईना. शेवटी कळलं की टपावरच्या कॅरियरला बांधलेली नायलॉनची दोरी वाऱ्यानं वाजत होती. अण्णांनी दोरी कापली, आवाज बंद झाला. "दोरी होती," ते म्हणाले. "पण बेअरिंगला पण बरं वाटलं असंल."

आमचा गणपतीचा कारखाना. मोठा नाही, घरामागची शेड आणि हंगामाला हमरापूरहून येणारी चार-पाच माणसं. नवरा रंगात हात घालून बसला की त्याला बाहेरचं जग नको असतं, म्हणून गाडी चालवायला मी शिकले. जुनी गाडी, मागची सीट काढून टाकलेली, तिथं पेंढा पसरून मूर्ती ठेवायच्या. मूर्तीचं काम असं की वर्षभराची मेहनत एका धक्क्यात जाते. सोंडेला तडा गेला, कानाची कड उडाली, की ती मूर्ती घरी परत. त्यामुळे चाक नीट आहे ना याची काळजी मलाही असायची, आणि अण्णांनी ही गोष्ट बरोबर हेरली होती.

"वाजतंय," ते मागच्या अंगणाच्या भिंतीवरून डोकावून म्हणायचे. "टेस्ट घ्यायला लागंल."

टेस्ट म्हणजे गाडीतून जायचं आणि ऐकायचं. अण्णा माझ्या शेजारी बसणार, काच खाली करणार आणि म्हणणार, "आता मुकाट." त्यानंतर कुणी बोलायचं नाही. खोकला आला तरी गिळायचा. आता ही टेस्ट वडखळपर्यंत जाऊन येऊनही झाली असती. पण अण्णांचं म्हणणं असं की बेअरिंग सरळ रस्त्यावर लबाडी करतं, त्याला वळणावर पकडावं लागतं. डावीकडे वळताना गाडीचं ओझं उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं गेलं. उजवीकडे वळताना वाढला तर डावं. आणि अशी वळणं फक्त नागोठण्याच्या पुढे, भिसे खिंडीत. तिथवर गेलंच आहे तर मग रोहा काय लांब. रोह्याला गेलंच आहे तर गाडी सावलीत उभी करून चाक उचलून बघावं. आणि सावली म्हणजे नदीकडच्या आळीतलं एक जांभळाचं झाड. साऱ्या रोह्यात अण्णांना दुसरी सावली पसंत नव्हती.

त्या झाडासमोर शांतारामचं घर होतं. शांताराम हा अण्णांचा मेहुणा, आणि त्या घराच्या ओट्यावर वाल सोलत बसलेली असायची ती इंदूकाकी, म्हणजे अण्णांची बायको.

काकी रोह्याला माहेरी राहते आणि अण्णा पेणला एकटे, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. का, ते कळायला वेळ लागला. त्यांना मूलबाळ नाही. शांतारामलाही बरीच वर्षं नव्हतं, मग उशिरा मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्या मुलीला आत्या एकच, इंदूकाकी. तिनं स्वतः अंगडं-टोपडं शिवलं, चांदीचे वाळे घेतले. तेव्हा अण्णांकडे स्वतःची जुनी गाडी होती. दोघं सकाळी निघाली. नागोठण्याच्या अलीकडे अण्णांनी गाडी बाजूला घेतली.

"वाजतंय," ते म्हणाले.

"नाय वाजत," काकी म्हणाली. "चला."

अण्णांनी चाक खोललं. बेअरिंग खरंच गेलं होतं. नवं बेअरिंग पेणला, घरी, फळीवर. मग अण्णांनी काकीला गाडी राखायला बसवलं, एसटीला हात केला आणि बेअरिंग आणायला उलटे पेणला गेले. बायकोला त्याच रस्त्यावरून रोह्याकडे जाणाऱ्या एसटीत बसवून द्यावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. काकीच्या समोरून रोह्याच्या गाड्या जात राहिल्या, आणि नवऱ्यानं राखायला सांगितलंय म्हणून ती बसून राहिली. दोघं पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाळण्यावरची फुलं सुकली होती, घुगऱ्या वाटून संपल्या होत्या आणि शेजारच्या एका बाईनं आत्या होऊन नाव सांगून टाकलं होतं.

काकीनं बाळाच्या पायात वाळे घातले आणि भावाला म्हणाली, "सांग त्यांना, जावा म्हणावं. मी येत नाय."

महिन्याभरानं अण्णा न्यायला गेले. चूक झाली म्हणाले असते तर ती त्याच पावली निघाली असती, असं काकीनंच मला सांगितलं. अण्णांनी काय केलं, तर ते खराब बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून पुरावा म्हणून नेलं. सगळ्यांसमोर कागद उलगडून म्हणाले, "हे बघा. मी खोटं बोलत नव्हतो." काकी भावाला म्हणाली, "सांग त्यांना, त्याची भाजी करून खावा." पुढे अण्णांनी ती गाडी विकून टाकली. धाटावची नोकरीही सुटली. पण खिंडीपलीकडे जायला निमित्त हवं, म्हणून साऱ्या आळीच्या गाड्यांची बेअरिंगं वाजायला लागली.

त्या दिवसापासून काकी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. आधी शांताराम मधे असायचा. मी गाडी चालवायला लागल्यापासून ते काम माझ्यावर आलं. अण्णा झाडाखाली जॅक लावून चाक उचलायचे, काकी दहा हातांवर वाल सोलायची आणि मी दोघांच्या मधे उभी.

"मंदे, विचार गो त्यांना, रातचं काय जेवतात."

मी अण्णांसमोर जाऊन, वाकून विचारायची, "अण्णा, रात्री काय जेवता, विचारतेय काकी."

"सांग, भाकरी. भाजी."

"भाकरी-भाजी म्हणतायत."

"भाकरी करतंय कोण?"

"अण्णा, भाकरी कोण करतं?"

"मीच."

"स्वतःच करतात, काकी."

"करपवत असतील."

"करपवता काय, अण्णा?"

अण्णा जरा विचार करून म्हणायचे, "कडेला."

असा संसार मी दर महिन्या-दोन महिन्यांनी चालवून द्यायची. कधी कधी भाषांतरात हातचलाखीही करावी लागे. काकी म्हणायची, "विचार, अक्कल आली काय अजून," आणि मी अण्णांना विचारायची, "तब्येत बरी आहे ना, म्हणतेय." निघताना काकी बिरड्याचा डबा द्यायची. "तुमच्या घरासाठी हाय हां," असं तीनदा बजावायची. खालच्या पुडातलं बिरडं मात्र बिनमिरचीचं असायचं. आमच्या घरी सगळे तिखट खातात. अण्णांना मिरची सोसत नाही.

अलीकडे दोनेक वर्षं अण्णांची टेस्टची पद्धत बदलली होती. स्क्रू ड्रायव्हर दिसेनासा झाला. गाडीत ते डॅशबोर्डवर तळवा टेकवून बसायचे, चप्पल काढून पाय खालच्या पत्र्यावर. चाक उचललं की एका हातानं ते फिरवायचे आणि दुसरा तळवा आतल्या स्प्रिंगवर. बेअरिंगमध्ये खडबड असेल तर ती स्प्रिंगमधून हाताला जाणवते, असं ते म्हणायचे, आणि ते खरंही आहे. स्वभावातही फरक पडला होता. पूर्वी कुणाला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. आता समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. "वय झालं की माणूस निवळतो," असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

त्या वर्षी श्रावणात मी रोह्याच्या दुकानदाराच्या मूर्ती पोचवायला निघाले. बरोबर शांतारामच्या घरची मूर्तीही होती. अण्णा नेहमीप्रमाणे शेजारी येऊन बसले. वडखळ सुटलं आणि गाडीतून घुं घुं सुरू झालं. नागोठण्यापर्यंत ते इतकं वाढलं की मागच्या पेंढ्यातले गणपतीही एकमेकांकडे बघायला लागले असते. खिंडीत डावीकडच्या वळणाला आवाज चढला, उजवीकडच्या वळणाला उतरला. इतकी वर्षं बरोबर फिरून मलाही कळत होतं, उजवं गेलंय.

"अण्णा, वाजतंय ना?" रस्त्यावरची नजर न काढता मी विचारलं. अण्णा बोलले नाहीत. मुकाट म्हणजे मुकाट, मी समजले. खिंड उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "काय वाटतं?"

"टायर हाय," ते म्हणाले. "चल तू."

मला ते पटलं नाही. पण अण्णांपुढे बेअरिंगबद्दल वाद घालणं म्हणजे भटजींना मंत्र शिकवणं. दुकानदाराच्या मूर्ती हळूहळू नेऊन उतरवल्या आणि जांभळाखाली आलो. अण्णांनी जॅक काढला. मी शांतारामची मूर्ती घेऊन आत गेले. शांताराम शिफ्टला होता, त्याच्या बायकोनं मूर्तीवरून तांदूळ ओवाळले, आम्ही दोघी मिळून मूर्ती फळीवर ठेवत होतो. बाहेर ओट्यावर काकी एकटी होती. मधे बोलायला कुणी नव्हतं.

आणि बाहेरून आवाज आला, "अहो."

शांतारामची बायको आणि मी, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मूर्ती हातातच होती.

"अहो, ऐकलं काय." काकीचा आवाज अगदी हळू होता, नव्या नवरीसारखा. "आता पुरं झालं. म्या पण लई ताणलं. गणपतीला घरी येते म्हणते. आपल्या घरी. येऊ काय?"

चाक फिरल्याचा आवाज आला. अण्णांचा नाही.

"येऊ नको तर तसं बोला. पण तोंड तरी उघडा."

पुन्हा चाक फिरलं. काकी आत आली. तिचा चेहरा मला बघवेना. चुलीपाशी बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "झालं माझं समाधान. एवढी वर्षं वाटायचं, माझ्यासाठीच येतोय हा माणूस. बेअरिंगसाठीच येत होता गो."

माझं डोकं फिरलं. तशीच बाहेर गेले. अण्णा पाठमोरे बसले होते, एक हात चाकावर, दुसरा आत स्प्रिंगवर. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून सगळं सुनावलं. लाज कशी वाटत नाही, बाईनं एवढं मन मोठं केलं, वर्षानुवर्षं तुमचे निरोप वाहून माझी जीभ झिजली आणि तुम्हाला साधं हूं म्हणता येत नाही. असं बरंच काही बोलले. मी सहसा इतकं बोलत नाही. बोलून दम लागला.

अण्णांनी चाकाला आणखी एक फेरा दिला. चाक भरड दळणाऱ्या जात्यासारखं घरघरत फिरलं. शेजारच्या दारातला शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. अण्णा वळले, मला पाहून हसले आणि म्हणाले, "बघ. गप्प हाय एकदम. सांगितलं ना, टायर."

चाक अजून घरघरत होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग पदर तोंडावर धरला, ओठ दिसू नयेत असा, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "अण्णा, काकीला चक्कर आली."

अण्णा हसत माझ्या तोंडावरच्या पदराकडे बघत राहिले. तो खाली येण्याची वाट पाहत.

तेव्हा सगळं लक्षात आलं. इतक्या टेस्ट, इतक्या खेपा, आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण काकीचं प्रत्येक वाक्य मी त्यांच्यासमोर वाकून, तोंडाकडे तोंड करून, पुन्हा म्हणत होते. त्या दोघांच्या अबोल्यानं अण्णांचं बहिरेपण झाकून ठेवलं होतं. साध्या नवरा-बायकोसारखी बोलत असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काकी दारात उभी होती. तिनंही पाहिलं होतं. ती अनवाणीच चिखलात उतरली, गाडीला वळसा घालून अण्णांच्या समोर येऊन बसली.

"कधीपासून?" ती म्हणाली.

अण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द होता, "काय?"

"ऐकू येत नाय ते कधीपासून?" काकी ओरडली.

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं. मग म्हणाले, "उजवा कंपनीतच गेला. कॉम्प्रेसरच्या खोलीत. डावा मागनं, हळूहळू. हाताला कळतं अजून थोडं. आता तेपण..."

"मग बोलायचं नाय होय कुणाला?"

"कसं बोलणार?" अण्णा म्हणाले. आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा त्यांना अंदाज नव्हता. आळीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. "बहिऱ्याला बेअरिंग ऐकायला कोण नेतं? ही बाय मला गाडीत कशाला घेईल? मग हिथं कसं येणार मी? तू दिसणार कुठून?"

मला तिथं रडू आलं. लपवायचं काही कारण नाही, शिंप्यालाही आलं.

"काकी," मी म्हटलं, "तुझं मघाचं त्यांनी ऐकलंच नाही."

काकीनं डोळे पुसले. जे ती इतकं लाजत, हळू म्हणाली होती, ते आता साऱ्या आळीसमोर घसा ताणून म्हणावं लागलं. "गणपतीला घरी येते म्हटलं! आपल्या घरी!"

अण्णा तिच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी तुला एसटीत बसवून द्यायला पाहिजे होतं. बारसं चुकवलं मी तुझं." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि कपड्याला हात पुसत बसले. हात काही फारसे मळलेले नव्हते. काकी म्हणाली, "बरं," आणि तेही ओरडूनच म्हणाली.

मग अण्णांनी मला विचारलं, "वाजतंय काय गं खरंच?" मी मान हलवली. "कुठलं?" काकीनं समोरच्या चाकावर हात ठेवला. पुढचं उजवं. "बोंबलतंय," ती म्हणाली.

नवं बेअरिंग अण्णांच्या पिशवीत असायचंच. कान गेले होते, हात होते. त्यांनी चाक काढलं, मधली टोपी ठोकून सोडवली, पिन सरळ करून ओढली, नट काढला आणि अख्खा हब अंगावर ओढून घेतला. जुनं बेअरिंग बाहेर आलं. त्यांनी ते पुसून काकीपुढे धरलं. रोलर निळे-काळे पडले होते, कडेला खड्डे. काकीनं ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, "गेलंय." अण्णांना तेवढं पुरलं. तळहातावर ग्रीस घेऊन ते नव्या बेअरिंगच्या रोलरांमध्ये दाबून दाबून भरायला लागले, मोदकाची उकड मळावी तसं. नट आवळला, मग थोडा सैल केला, नवी पिन घातली, चाक चढवलं. फिरवलं आणि काकीकडे पाहिलं. स्प्रिंगवर हात ठेवला नाही.

काकीनं डोकं वाकवून कान दिला. मग मानेनंच नाही म्हणाली. वाजत नाही.

काकी त्याच दिवशी निघाली. मागची सीट नव्हती, म्हणून अण्णा मागं पेंढ्यात बसले आणि काकी पुढे, माझ्या शेजारी. बोलताना मागं वळून ओरडावं लागत होतं, तरी खिंडीपासून पेणपर्यंत ती थांबली नाही. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं. कोण गेलं, कुणाच्या मुलीचं कुठं झालं, शांतारामच्या घरात पाणी कुठं गळतं. अण्णा अर्धंच समजत असावेत. गणपतीच्या जागी पेंढ्यात मांडी घालून बसून ते सगळ्याला मान हलवत होते.

आता शेजारच्या घरातलं सगळं बोलणं आम्हाला ऐकू येतं. आम्हालाच काय, नाक्यापर्यंत ऐकू जातं. अण्णांनी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, बनियन कुठं वाळत घातलंय, त्यांच्या भावानं जमिनीचं काय केलं, हे आळीत कुणालाही विचारा. काकी म्हणते, मेलं काही खासगी राहिलं नाही. आळीतल्या गाड्या मात्र आता बिनधास्त येतात-जातात. अण्णा ओट्यावर बसलेले असतात, पण कुणाला थांबवत नाहीत.

परवा मी भिंतीवरून हळकुंडं मागायला डोकावले. काकी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणत होती, "जेवायला चला." ती तोंड उघडायच्या आतच अण्णांचा चेहरा फुलला होता, ताट मांडलेलं समोर दिसत होतं, ती काय म्हणणार ते त्यांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "काय?"

काकीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. अण्णा पुन्हा म्हणाले, "काय?"

मी हळकुंडं न मागताच खाली उतरले.